‘विशेष’च्या अलीकडे आणि पलीकडे : मराठी मुत्सद्द्यांच्या पत्रव्यवहारातील खासगी आणि राजकीय

१

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज इलेक्ट्रॉनिक सिटी वसलेली आहे. कर्नाटक शासनाच्या ‘केऑनिक्स’ या महामंडळाने १९७८ मध्ये तिची उभारणी आरंभिली. त्यापूर्वी सुमारे दोन शतके, १७९१ च्या जुलै महिन्यात, बंगळूर आणि होसूर यांमधील याच टापूत लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज टिपू सुलतानाचा होसूरचा किल्ला घेण्यासाठी वावरत होती. त्याआधी मे महिन्याच्या अखेरीस मेलुकोटेच्या परिसरात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या होत्या. श्रीरंगपट्टणची मोहीम अर्धवट टाकून, जड तोफा निकामी करून परतणाऱ्या उपाशी इंग्रज फौजेला मराठ्यांच्या छावणीतील बाजाराने तेव्हा धान्य पुरवले. हाच कॉर्नवॉलिस १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाऊन येथे जॉर्ज वॉशिंग्टनला शरण गेला होता. एका दशकाच्या आत एकच सेनापती दोन वेगवेगळ्या राजकीय पत्रव्यवहारांचा विषय झाला. एक अमेरिकेच्या संस्थापक मुत्सद्द्यांचा, दुसरा पुणे दरबाराचा.

या दोन पत्रव्यवहारांचा परस्परांशी संबंध आला नाही, त्यामुळे प्रभावाचा प्रश्न येथे उद्भवत नाही. प्रश्न समकालीनतेचा आहे. नाना फडणवीस (१७४२-१८००) आणि टॉमस जेफरसन (१७४३-१८२६) यांच्या जन्मांत जेमतेम वर्षाचे अंतर आहे. दोघांचेही राजकारण प्रामुख्याने पत्रांतून चालले. परंतु जेफरसनची पत्रे वाङ्मय म्हणून वाचली जातात, तर नानांच्या काळची पत्रे ‘साधने’ म्हणून वापरली जातात. मराठी वाङ्मयेतिहासाने बखरीला गद्याच्या दालनात मानाची जागा दिली, पत्राला मात्र इतिहासकाराच्या कपाटात ठेवले. या भेदामागे गुणवत्तेचा निवाडा नसून पत्राच्या ‘खासगी’ व ‘राजकीय’ अशा विभागणीविषयीचा एक गैरसमज आहे. अमेरिकन पत्रव्यवहारात ही विभागणी मुख्यतः पत्रापत्रांमध्ये होते, तर मराठी पत्रव्यवहारात ती एकाच पत्राच्या आत, किंबहुना एकाच लखोट्याच्या आत होते. हा फरक लक्षात न घेता मराठी पत्रांची वर्गवारी केली, तर त्यांतील वाङ्मयीन रचनाच नाहीशी होते.

२

अमेरिकन बाजूचा विचार करता ही विभागणी तेथेही आयती मिळालेली नव्हती, वादातून घडलेली होती, हे प्रथम नमूद केले पाहिजे. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर टॉमस हचिन्सन याने इंग्लंडमधील एका परिचिताला लिहिलेली पत्रे बेंजामिन फ्रँकलिनच्या हाती आली. त्याने ती १७७२ मध्ये बोस्टनला पाठवली आणि पुढील वर्षी ती छापली गेली. दुसऱ्याची खासगी पत्रे फोडल्याचा आक्षेप आला, तेव्हा फ्रँकलिनची भूमिका अशी होती की सार्वजनिक पदावरील माणसांनी सार्वजनिक गोष्टींविषयी लिहिलेली पत्रे खासगी मानता येत नाहीत. पत्राचे स्वरूप त्याच्या मायन्यावरून न ठरवता विषयावरून ठरवण्याचा हा युक्तिवाद होता.

पुढे हाच प्रश्न जेफरसनच्या वाट्याला उलट बाजूने आला. १७९६ मध्ये त्याने फिलिप माझेई या मित्राला इटलीत एक मोकळे पत्र लिहिले. ते भाषांतरित होऊन १७९७ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांत आले आणि वॉशिंग्टनशी असलेला त्याचा संबंध तुटला. मित्रासाठी लिहिलेला मजकूर जाहीर होताच तो राजकीय कृती ठरला.

पत्र कोणाच्याही हाती पडू शकते, या जाणिवेतून तेथे जतनाची एक शिस्त उभी राहिली. वॉशिंग्टनने १७८१ मध्ये रिचर्ड व्हॅरिक याला नेमून युद्धकाळातील पत्रांच्या नकला करवून घेतल्या, त्यांचे ४४ खंड झाले. जेफरसनने १७८३ पासून मृत्यूपर्यंत आल्यागेल्या पत्रांची नोंदवही ठेवली आणि १८०४ पासून लिहितानाच दुसरी प्रत उमटवणारे यंत्र वापरले. त्याच वेळी मार्था वॉशिंग्टनने पतीशी झालेला पत्रव्यवहार जवळजवळ पूर्ण नष्ट केला, त्यातील फार थोडी पत्रे उरली. एकाच घरात एक दप्तर भावी पिढ्यांसाठी नकलून ठेवले जाते आणि दुसरे अग्नीच्या स्वाधीन होते. खासगी आणि सार्वजनिक यांच्यामधली भिंत तेथे अशी प्रत्यक्ष बांधली गेली.

अर्थात अमेरिकेतही ही भिंत सर्वत्र सारखी पक्की नव्हती. अ‍ॅबिगेल आणि जॉन अ‍ॅडम्स या पतिपत्नींच्या हजाराहून अधिक पत्रांत घरची शेती, मुलांचे आजार आणि नव्या राज्याचे कायदे शेजारी शेजारी येतात. परंतु ते दांपत्य अपवाद म्हणून वाचले जाते. मराठी बाजूस हीच सरमिसळ नियम आहे आणि तिला स्वतःचे व्याकरण आहे.

३

अठराव्या शतकातील मराठी पत्राची घडण ठरलेली असते. आरंभी मायना. त्यात लिहिणारा आणि घेणारा यांचे वय, नाते, जात, हुद्दा व उपकार यांचा हिशेब मांडलेला असतो. ‘श्रीमंत’, ‘राजश्री’, ‘तीर्थस्वरूप’, ‘चिरंजीव’, ‘गोसावी’, ‘स्वामींचे सेवेसी’ यांपैकी कोणता शब्द कोणासाठी, याचे संकेत लेखनप्रशस्तीने घालून दिलेले होते. त्यानंतर नमस्कार वा आशीर्वाद, मग येथील कुशल आणि तेथील कुशलाची पृच्छा. त्यापुढे एकच शब्द येतो, ‘विशेष’. या शब्दापासून कामाचा मजकूर सुरू होतो. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ आणि लोभाची विनंती किंवा ‘जाणिजे’ ही आज्ञार्थी समाप्ती.

‘विशेष’ हा शब्द या रचनेचा सांधा आहे. त्याच्या अलीकडे माणसे आहेत, पलीकडे प्रकरणे आहेत. अलीकडचा भाग ठराविक असतो म्हणून तो निरर्थक, अशी समजूत आधुनिक वाचकाची होते आणि काही संपादनांत जागा वाचवण्यासाठी मायना गाळला वा आखडला गेला, तो याच समजुतीने. वस्तुतः ठराविकपणामुळेच त्यातला लहानसा बदलही बोलका होतो. नेहमी येणारा एखादा शब्द गाळला, समाप्तीत विनंतीऐवजी आज्ञा आली, कुशलाची पृच्छा राहून गेली, तर पुढील मजकूर उघडण्यापूर्वीच घेणाऱ्याला हवा कळते. महादजी शिंदे उत्तरेत बादशाहीचा कारभार हाती घेऊनही ‘पाटील’ म्हणवून घेत आणि पुणे दरबारच्या लिखाणात त्यांचा उल्लेख ‘पाटीलबावा’ असा येतो. या संबोधनात आपुलकी किती आणि ज्येष्ठ-कनिष्ठत्वाची आठवण किती, हे ठरवणे राजकीय अर्थनिर्णयाचे काम आहे. ते केवळ शिष्टाचाराचे नाही.

दुसरा घटक पुरवणीचा. मुख्य पत्रासोबत एकाच लखोट्यात एक वा अनेक पुरवण्या घालण्याची पद्धत होती. मुख्य पत्र दरबारात वाचले जाई, त्यात सर्वांना ऐकवण्याजोगा मजकूर असे. पुरवणीत एकेक विषय वेगळा काढून, पुष्कळदा अधिक उघडपणे, लिहिला जाई. तिसरा घटक हाताचा. पत्र कारकून लिही आणि धनी शेवटी एखादी ओळ स्वदस्तुराने जोडी. मोडीतल्या कागदावर हस्ताक्षर बदलते, तेथे आवाजही बदलतो. छापील पानावर दोन्ही हात एकाच ठशात येतात आणि हा बदल दिसेनासा होतो.

चौथी गोष्ट याहून विलक्षण आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. चाळीस दिवसांच्या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्यानंतर अनेक वर्षे पुण्यास येणारी विनंतिपत्रे ज्या ‘स्वामींच्या सेवेसी’ लिहिली जात होती, ते स्वामी पाळण्यात होते. लिहिणाऱ्याला ठाऊक असे की आपले पत्र नाना वाचणार आहेत. नानांना ठाऊक असे की लिहिणाऱ्याला ते ठाऊक आहे. मायना एकाला आणि मजकूर दुसऱ्याला, अशी ही दुहेरी रचना सांभाळत कारभार चालला. अधिकृत पत्रातील ‘मी’ आणि ‘आपण’ यांना प्रत्यक्ष व्यक्तीचा आधार नसला तरी त्यांचे व्याकरण टिकते आणि त्या व्याकरणावर राज्य टिकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण तौलनिक अभ्यासात क्वचितच सापडेल. वॉशिंग्टनने पद सोडून दाखवले, म्हणून व्यक्ती आणि पद यांचा फरक तेथे ठळक झाला. पुण्यात तो फरक पदावर बालक बसल्याने स्पष्ट झाला, मात्र तो उच्चारायचा नव्हता.

४

ही रचना एखाद्या प्रत्यक्ष प्रसंगी काय करते, हे पाहण्यासाठी १७९०-९२ च्या कर्नाटक मोहिमेचा पत्रव्यवहार उपयुक्त आहे. पटवर्धन घराण्याच्या दप्तरातील पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून प्रसिद्ध केली. मिरज, तासगाव, कुरुंदवाड येथील शाखा आणि छावणीतील सरदार यांच्यात चाललेला हा पत्रव्यवहार एकाच वेळी घरचा आणि मोहिमेचा आहे. सेनापती हा काका असतो, पथक्या हा पुतण्या असतो, रसद मागणारा आणि ती पाठवणारा यांच्यात भाऊबंदकी असते. त्यामुळे ‘विशेष’च्या पलीकडे गेल्यावरही नाते संपत नाही, ते मजकुरात उतरते.

धारवाडचा वेढा १७९० च्या सप्टेंबरात सुरू होऊन एप्रिल १७९१ मध्ये संपला. त्याच सुमारास फौजेच्या आसपास वावरणारे पेंढारी पुढे सरकले आणि शृंगेरीचा मठ लुटला गेला. या घटनेचे दोन लेखी पडसाद उपलब्ध आहेत. टिपूने शृंगेरीच्या स्वामींना कन्नडमध्ये लिहिलेली पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांनी उजेडात आणली. त्यांत मठाच्या हानीबद्दल खेद आहे, मदतीचे आश्वासन आहे आणि शत्रूच्या नाशासाठी अनुष्ठानाची विनंतीही आहे. दुसरा पडसाद पटवर्धनांच्या पत्रांत आहे. तेथे लुटीचे कर्ते म्हणून लमाण आणि पेंढारी यांची नावे येतात.

राजकीय वादात ही दोन साधने परस्परांविरुद्ध उभी केली जातात. वाङ्मयीन वाचनात वेगळी गोष्ट दिसते. टिपूच्या पत्रांत राजा आणि गुरू यांचा संबंध हाच राजकीय मजकूर आहे, भक्तिभाव आणि युद्धनीती यांना तेथे वेगळे करता येत नाही. पटवर्धनांच्या पत्रांत लूट कोणी केली या वाक्यातील तृतीया विभक्तीवर सारा भार आहे. लमाण-पेंढाऱ्यांनी केली म्हटले की फौज सुटते, परंतु घर सुटत नाही. कारण लिहिणारे घराणे ब्राह्मणांचे होते आणि मठाची लूट त्यांच्या दृष्टीने पापाचा विषय होती. हीच हकीकत केवळ दरबारी अहवालात आली असती तर ती शिस्तभंगाची नोंद ठरली असती. घरच्या माणसाला लिहिलेल्या पत्रात ती अपराधाची कुजबुज होते. हे पत्र ‘लष्करी’ या सदरात घालणारा तिची अपराधाची बाजू गमावतो आणि ‘कौटुंबिक’ या सदरात घालणारा मोहीम गमावतो.

येथे वाचकाने सावधही राहिले पाहिजे. घरच्या स्वरात लिहिले म्हणजे खरे लिहिले, असे नव्हे. जबाबदारी पेंढाऱ्यांवर टाकणे ही सोयही असू शकते आणि खंतही. पत्र या दोन शक्यता उघड्या ठेवते. इतिहासकाराला तेथे निर्णय द्यावा लागतो. समीक्षकाचे काम ते वाक्य दोन्ही भार कसे पेलते, हे दाखवण्याचे आहे.

५

या पत्रव्यवहारात भावनेला स्वतंत्र जागा नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ती जागा वकिलाच्या पत्रातही मिळते. निजामाच्या दरबारी पुण्याचे वकील असलेल्या गोविंदराव काळे यांनी १७९३ मध्ये नानांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. जून १७९२ मध्ये महादजी पुण्यास आल्यापासून त्यांच्यात आणि नानांत ताण होता. तो निवळल्याची वार्ता कळल्यावर वकिलाला झालेला आनंद हा या पत्राचा आरंभबिंदू आहे. पुढे ते शिवाजी महाराजांपासूनच्या साऱ्या उद्योगाचे सिंहावलोकन करते. ते राष्ट्रीय भावनेचा दाखला म्हणून वारंवार उद्धृत झाले. त्याच्या स्वराकडे तितके लक्ष गेले नाही. बातमी देणे हे वकिलाचे काम, येथे मात्र तो बातमी घेणारा झाला आहे आणि आपल्या मनाची हकीकत धन्याला कळवतो आहे. कामाच्या पत्राची चौकट न मोडता तिच्यात आत्मगत शिरले आहे. या आनंदाच्या पोटात भीतीही आहे. दोघांचे बिनसले असते तर काय झाले असते, हे न लिहिताही जाणवते. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस वारले, हे आज वाचणाऱ्याला ठाऊक असते आणि त्यामुळे ती भीती अधिक गडद होते.

दुसरे उदाहरण गोपिकाबाईंचे. १७८८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नाशिकजवळ गंगापूर येथे राहणाऱ्या या आजीने नातू सवाई माधवराव यांना दिनचर्या आणि वर्तन यांविषयी लेखी उपदेश केला. एका दृष्टीने ते घरगुती शिकवणीचे लेखन आहे. परंतु नातू पेशवा असल्यामुळे त्याने केव्हा उठावे, कोणाशी कसे बोलावे, कोणासमोर काय बोलू नये, ही कारभाराचीच कलमे ठरतात. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स ३१ मार्च १७७६ च्या पत्रात नवे कायदे करणाऱ्या पतीला स्त्रियांचा विसर पडू देऊ नका असे सुचवते, तेव्हा ती घरातून राज्याशी बोलते. गोपिकाबाई मुलाच्या सवयींविषयी बोलता बोलता राज्याविषयी बोलतात. अ‍ॅबिगेलला उंबरठा ओलांडावा लागतो. गोपिकाबाईंच्या लेखनात राज्यच उंबरठ्याच्या आत आलेले आहे. यात स्वातंत्र्य कोणाला अधिक, असा प्रश्न केल्यास उत्तर सरळ मिळणार नाही. पेशव्याची आजी असणे हाच गोपिकाबाईंच्या बोलण्याचा अधिकार आणि तीच त्याची मर्यादाही.

तुलनेत मराठी बाजू एका ठिकाणी स्पष्टपणे उणी आहे. जॉन अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांच्यातील तुटलेला पत्रव्यवहार बेंजामिन रश या मित्राच्या मध्यस्थीने १८१२ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि ४ जुलै १८२६ रोजी दोघे एकाच दिवशी मरण पावेपर्यंत चालला. पदावरून उतरलेल्या दोन प्रतिस्पर्ध्यांनी आपण काय केले, याची शांतपणे उजळणी करावी, असा प्रकार पुण्याच्या राजकारणात घडला नाही. तेथे निवृत्तीला जागाच नव्हती. हरिपंत फडके महादजींच्या पाठोपाठ १७९४ मध्ये गेले, परशुरामभाऊ १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत पडले, नाना १३ मार्च १८०० रोजी कारभारात असतानाच वारले. परस्परांना उद्देशून मागे वळून पाहण्याचे पत्र त्यांनी लिहिले नाही. नानांचे आत्मवृत्त तेवढे आहे. त्यात ते आपल्या तरुणपणाविषयी, मनाच्या दुर्बलतेविषयी आणि पानिपतावर आई हरवल्याविषयी आश्चर्य वाटावे इतक्या मोकळेपणाने बोलतात. परंतु ते पानिपताच्या भोवतीच थांबते. नानांचा कारभार सुरू होतो, तेथे त्यांचा ‘मी’ पत्रांच्या मायन्याआड जातो. म्हणून पुढच्या चाळीस वर्षांतील नाना शोधायचे तर स्वदस्तुराच्या ओळी, पुरवण्या आणि बदललेल्या समाप्त्या यांतूनच शोधावे लागतात.

६

वाचनाचा घटक एकटे पत्र नसून लखोटा आहे, असे यावरून म्हणता येईल. मुख्य पत्र, पुरवण्या, दोन हातांची अक्षरे आणि त्याच जासूद जोडीबरोबर गेलेली इतर पत्रे मिळून एक रचना होते. या दृष्टीने मराठीतील संपादनाच्या परंपरेकडे पुन्हा पाहावे लागेल. १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने काव्य आणि इतिहास एका नावाखाली आणले होते, हे येथे लक्षणीय आहे. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि ‘साधन’ हा शब्द रूढ झाला. खरे यांनी पत्रे प्रकरणवार व कालानुक्रमे लावून प्रत्येक भागाला स्वतःचे निवेदन जोडले. त्यामुळे निदान पत्रामागून पत्र जाण्याचा ओघ टिकला. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या आसपास निघाले. ते विषयवार आहेत आणि त्यांतील काही पेशव्यांच्या ‘खासगी’ जीवनाला वाहिलेले आहेत. लक्षावधी कागदांच्या राशीतून अल्पावधीत एवढे काम उभे करताना विषयवारी अपरिहार्य होती. तिने अभ्यासकांची मोठी सोय केली आणि त्याच वेळी ‘खासगी’ नावाचे एक दालन निर्माण केले. ते दालन मूळ दफ्तरात नव्हते.

हा केवळ जुन्या संपादनांचा प्रश्न असता, तर त्याची निकड एवढी वाटली नसती. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या नावाने वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, मॅडिसन आणि हॅमिल्टन यांचे कागद सर्वांना शोधता येतील असे खुले केले. २०१४ मध्ये मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे मराठी दफ्तरांच्या बाबतीत अशा कामातील एक तांत्रिक अडसर दूर झाला आहे. मात्र संगणकीय सूचीत प्रत्येक कागदासाठी काही रकाने भरावे लागतात, आणि ‘पत्राचा प्रकार’ हा त्यांतील पहिल्या काहींपैकी एक असतो. तेथे ‘खासगी’ किंवा ‘राजकीय’ यांपैकी एकच पर्याय ठेवला, तर हचिन्सन प्रकरणापासून अमेरिकेत घडत गेलेला भेद मराठी कागदांवर नकळत कायमचा ठसेल. पुस्तकातील वर्गवारी पुढचा संपादक बदलू शकतो, परंतु रकान्यात न भरलेली गोष्ट शोधणाऱ्याला सापडतच नाही.

त्याऐवजी मायना, समाप्ती, पुरवणीचा मुख्य पत्राशी संबंध, हस्ताक्षरातील बदल आणि एकाच लखोट्यातील सोबतीचे कागद यांची स्वतंत्र नोंद करणे शक्य आहे. त्यासाठी नवे यंत्र लागणार नाही. मोडी वाचणारा आणि पत्राचे व्याकरण जाणणारा अभ्यासक मात्र सूची आखली जातानाच तेथे बसलेला असला पाहिजे, सूची पूर्ण झाल्यावर नव्हे. कॉर्नवॉलिसची फौज ज्या टापूत वावरली तेथे आज माहितीचे रकाने आखणारे उद्योग मोठ्या संख्येने आहेत. त्यांना हे काम सांगताना ‘विशेष’ या शब्दाच्या अलीकडचा मजकूर गाळायचा नाही, एवढी पहिली अट घालावी लागेल.